अंगठ्यापुरतं भोक

डोंबिवलीत थंडी पडते ती वर्षातून फार तर आठ दिवस. तरी मी गेली बावीस वर्षं क्रोशाच्या सुईने लोकरीची ब्लँकेटं विणतेय, यावरून माझा स्वभाव काय तो ओळखावा. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "नंदा, तुझं ब्लँकेट पांघरायला माणसाला आधी सिमल्याचं तिकीट काढावं लागेल." स्वतः मात्र मे महिन्यातही पायावर घेऊन झोपायचे. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली.

नात्यात, विहारातल्या ओळखीत, कुठेही बाळ झालं की माझं ब्लँकेट जातं. पुढे कधी त्या घरी गेले आणि विचारलं, तर सगळीकडे उत्तर एकच. "अय्या, ते ना? जपून ठेवलंय कपाटात." जपून या शब्दाची मला चीड आहे. जपून ठेवलंय म्हणजे वापरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी काय कपाटांसाठी विणते?

पायपुसण्यांचं तसं नाही. जुन्या कपड्यांच्या पट्ट्या फाडायच्या, जाड सुईने गोल गोल विणत जायचं, दोन दिवसांत पायपुसणं तयार. ते कुणी जपत नाही. पाय पुसतात, धुतात, विटलं की दुसरं मागतात. मानपाडा रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक दारात माझं पायपुसणं आहे. जिना चढताना बघून बरं वाटतं.

माझा मुलगा रत्नदीप शीळफाट्याच्या बाजूला टॉवरमध्ये राहतो, एकोणिसाव्या मजल्यावर. लांब नाही. पण आता लांब म्हणावं तर लांबच. आधी दर रविवारी यायचा, मेघनाला आणि अंतराला घेऊन. मग एक रविवाराआड. मग मेसेज सुरू झाले. टाइप करायचाही कंटाळा, म्हणून बोलून पाठवतो. "आई, या रविवारी जमत नाहीये गं." नऊ सेकंद, अकरा सेकंद. सुरुवातीला मी ऐकायचे. पुढे ऐकणंच सोडलं, कारण येणारा माणूस मेसेज करत नाही, तो सरळ बेल वाजवतो.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात हेल्मेट घातलेला एक माणूस आणि त्याच्या हातात मोठी पिशवी. "रत्नदीप कांबळेंनी पाठवलंय," म्हणाला आणि गेलासुद्धा. अर्ध्या तासाच्या अंतरावरून पोटच्या पोराने आईकडे पिशवी पाठवली ती परक्या माणसाच्या हाती. फोनवर त्याचा मेसेजही येऊन पडला होता. बावीस सेकंद. म्हणजे आज कारण जरा मोठं दिसतंय, असं म्हणून मी फोन पालथा घातला.

पिशवीत मेघनाचे जुने कुर्ते होते, लेगिंग्ज, रत्नदीपचे दोन टी-शर्ट. अशी पिशवी ती मला अधूनमधून देते, पायपुसण्यांसाठी. सुनेबद्दल माझी तक्रार नाही. मी एकेक कपडा काढून बाजूला ठेवत गेले आणि तळाशी हाताला लोकर लागली.

ते अंतराचं ब्लँकेट होतं. ती जन्मली तेव्हा विणलेलं. रंग ह्यांनी निवडला होता. "आपला निळा घे, आणि कड पांढरी." दुकानात चार निळे बाजूला सारून पाचवा घेतला होता त्यांनी. आता तो निळा धुऊन धुऊन विटला होता. पांढरी कड राखाडी झालेली, एका कोपऱ्यावर चॉकलेटचे डाग, आणि दुसऱ्या कोपऱ्यात माझी मूठ जाईल एवढं भोक. फाटक्या लेगिंग्जच्या खाली, चिंध्यांत टाकलेलं.

मला रडू नाही आलं. मला राग आला. इतरांनी निदान कपाटात तरी ठेवलं होतं. माझ्या घरच्यांनी चिंध्यांत टाकून मलाच पाठवून दिलं, आणि तेही परक्याच्या हाती. फोन उचलून विचारता आलं असतं. नाही विचारलं. विचारलं असतं तर त्याने काहीतरी गोड उत्तर दिलं असतं आणि मला ते खरं मानून घ्यावं लागलं असतं.

क्रोशाचं विणकाम उसवायला अक्कल लागत नाही. शेवटची गाठ कापली आणि धागा ओढला की झालं. आधी कड गेली, मग निळं. एकेक ओळ सर्रकन सुटत होती. भोकाशी आले की धागा तुटायचा, मी गाठ मारायची आणि पुढे ओढायची. फावल्या वेळात विणायला दीड महिना लागला होता. चहा करायला उठेपर्यंत संपलंसुद्धा. खुर्चीवर वेड्यावाकड्या लोकरीचा ढीग तेवढा उरला.

तेवढ्यानेही राग गेला नाही. मेघनाच्या कुर्त्यांचं मी पायपुसणं विणलं आणि त्याच्या कडेला ती निळी लोकर घातली, चांगल्या चार फेऱ्या. खालच्या मजल्यावरच्या सुहासिनीताईंना नेऊन दिलं. "खुशाल पाय पुसा," म्हटलं. त्या म्हणाल्या, "किती गोड रंग आहे गं!"

रविवारी विहारातून बुद्धवंदना आटोपून आले आणि रत्नदीपचा फोन आला. मेसेज नाही, फोन.

"आई, झालं का गं ते?"

"काय झालं का?"

"अगं असं काय करतेस? पाठवलं ना गुरुवारी. मेसेज केलेला मी. ऐकला नाहीस?"

"ऐकला ना," मी म्हटलं. मला खोटं लवकर सुचतं. "होतंय. तू ठेव आता."

फोन ठेवला आणि तो बावीस सेकंदांचा मेसेज लावला. आवाज रत्नदीपचा नव्हताच.

"आजी, मी अंतरा. निळूला भोक पडलंय, मोठं. तू शिव ना. पण सगळं नको शिवूस हां, अंगठ्याएवढं ठेव. मला झोपताना अंगठा घालायला लागतो. आणि लवकर पाठव. मला निळू नसला ना, की झोपच येत नाही." मागून मेघनाचा आवाज आला, "प्लीज म्हण." मग "प्लीज."

निळू. मी तीनदा ऐकलं. माझ्या ब्लँकेटला नाव होतं आणि ते मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत विणलेल्या सगळ्या ब्लँकेटांमधलं हे एकच कपाटाबाहेर जगलं होतं. इतकं वापरलं, इतकं ओढलं की फाटलं. ज्याची मी आयुष्यभर वाट पाहिली ते माझ्या हातात आलं होतं आणि मी त्याला चिंधी समजले. खरं सांगायचं तर समजले असंही नाही. मी आधीपासून तयारच बसले होते. त्यांना मी नकोशी झालेय याचा पुरावा मला हवा होता आणि पिशवीत हात घातल्याबरोबर मी तो काढला.

मग मात्र मी रडले, बऱ्यापैकी.

रडून झाल्यावर पहिल्यांदा खाली गेले. सुहासिनीताईंच्या दारातलं पायपुसणं उचललं आणि बेल वाजवली.

"अगं, दिलेलं पायपुसणं कुणी परत मागतं का?" त्या बघतच राहिल्या.

"कड चुकलीये. नवीन करून देते."

"मला तर बरी दिसतेय."

"चुकलीये, ताई," मी म्हटलं आणि माझा आवाज असा काही निघाला की त्यांनी पुढे विचारलं नाही.

उसवलेली लोकर सरळ नसते, शिजवलेल्या नूडल्ससारखी दिसते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिच्या लड्या केल्या, कोमट पाण्यात बुडवल्या आणि खाली तांब्या अडकवून गॅलरीत टांगल्या, म्हणजे वजनाने वळ्या जातात. पायपुसण्याची लोकर दोनदा धुतली. पाणी काळं निघालं. काळं का असेना, त्यात रत्नदीपच्या घरातली चार-पाच वर्षं होती. ते मोरीतून वाहून जाताना मी पाहत उभी होते.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. तेच टाके, तोच नमुना, फक्त लोकर पुरावी म्हणून दोन ओळी कमी. भोकाच्या जागी आले आणि अडले. भोक करणं अवघड नाही. मधले खांब, म्हणजे उभे टाके, गाळून तेवढ्या साखळ्या टाकल्या की झालं. पण किती? पाच वर्षांच्या मुलीचा अंगठा केवढा असतो? मी आठवायला लागले. शेवटचा तिचा हात धरला तो गणपती बघायला खाली उतरलो तेव्हा, का त्याच्याही आधी? माझ्या करंगळीवर अंदाज घेतला, जरासं सैल धरलं, चार साखळ्या टाकल्या. नातीच्या अंगठ्याचं माप करंगळीवरून काढणारी आजी मीच असेन.

शनिवारी रिक्षाने शीळफाट्याला गेले. कळवलं नव्हतं. वॉचमनने वर फोन लावला आणि माझं नाव दोनदा विचारलं.

दार मेघनाने उघडलं. "आई! अहो, सांगायचं ना, रत्नदीप आला असता घ्यायला." अंतरा धावत आली. केस वाढले होते, पुढचा एक दात गेला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी पिशवीतून ब्लँकेट काढलं. तिने ते हातात घेतलं, गालाला लावलं, मग नाकाला. उलटंपालटं केलं. चॉकलेटचे डाग होते तो कोपरा शोधला. तिथे स्वच्छ लोकर होती.

"हा निळू नाहीये," ती म्हणाली.

"अगं, आजीने धुतलंय बघ किती छान," मेघना घाईघाईने म्हणाली. "थँक यू म्हण आजीला."

"थँक यू, आजी," अंतरा म्हणाली. परक्या बाईला म्हणतात तसं, नीट. मग तिने ब्लँकेटची घडी घातली आणि आईच्या हातात दिली. मेघना म्हणाली, "आपण जपून ठेवूया हं."

चहा झाला, पोहे झाले. मी काय खाल्लं ते मला आठवत नाही.

रत्नदीप लिफ्टपर्यंत सोडायला आला. लिफ्ट सात नंबरवर अडकली होती. तेव्हा मी म्हटलं, "मी ते सगळं उसवलं होतं रे. मला वाटलं, तुम्ही टाकून दिलंत."

त्याने लिफ्टचं बटण परत दाबलं. "आई, मेसेज ऐकायचा ना."

"तू यायचंस ना."

लिफ्टचे आकडे बदलत होते, चौदा, पंधरा. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली, रिकामीच होती, आणि दार उघडल्यावर परत दिली. "पोचलीस की कळव," म्हणाला. मी पोचले आणि कळवलं. त्याने अंगठा पाठवला, फोनवरचा.

पुढचे चार दिवस मी सुई हातात घेतली नाही. सुहासिनीताईंचं पायपुसणं तसंच राहिलं. बुधवारी दुपारी फोन वाजला. मेसेज. एकोणीस सेकंद. माझा हात फोन पालथा घालायला गेला होता. मग लावला.

"आई, या रविवारी जमत नाहीये गं, मेघनाच्या ऑफिसचं काहीतरी... अगं थांब, ओढू नकोस, देतो..." खडखड झाली. मग अंतराचा आवाज, फोन तोंडात घातल्यासारखा. "आजी, भोक छोटं केलंस तू. माझा अंगठाच जाईना. मग मी पेन्सिल घातली. आता जातो."

पेन्सिलने धागा तुटला असणार. तुटलेला धागा तसाच राहिला की शेजारचा खांब सुटतो, मग त्याच्या शेजारचा. चार-सहा महिन्यांत परत मूठभर भोक पडेल. निळ्या लोकरीचा लिंबाएवढा गुंडा उरला होता. तो मी सुईसकट वरच्या खणात ठेवला, हाताशी राहील असा. मग मेसेज पुन्हा लावला, अगदी सुरुवातीपासून, रविवारी जमत नाहीये तिथून.