मला वगळून विचारा

मित्रांनो, मी एक जुनी कॅश मेमरी आहे. पूल उचलणाऱ्या यंत्राच्या चिपमध्ये बसते, मुंगीच्या डोक्याएवढी. काम सोपं. चिपला काही हवं असलं की लांबच्या मोठ्या मेमरीपर्यंत खेप घालावी लागते. एकदा उत्तर आलं, की त्याची नक्कल मी जवळ ठेवते. पुन्हा तोच प्रश्न आला, की लगेच देते. एका शिंकेत मी दोन कोटी उत्तरं द्यायची. खोटं वाटत असेल तर शिंका आणि मोजा.

आमचा पूल फ्रिसलंडमधल्या एका कालव्यावर. तो सांभाळायच्या सीट्स्केबाई. माझ्यामुळे पूल कसा अलगद हलतो, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी फुगायची.

मग पुलाखाली एक यंत्राचा डोळा बसवला. होडी निघून गेली की तो कळवणार आणि पूल आपोआप उतरणार. वोबे इंजिनिअरने चाचणी घेतली. खाली होडी आणून यंत्र चालू केलं: होडी आहे. होडी हलवली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं: रिकामं आहे. वोबे खूश. पण यंत्र बंद झालं की मी कोरी होते, म्हणून दोन्ही वेळा उत्तर ताजं डोळ्याकडूनच आलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या तरी कुठे आलं?

शनिवारी सकाळी चिपने विचारलं, खाली कुणी आहे का? डोळा म्हणाला, रिकामं. मी नक्कल ठेवली. दुपारी हार्मेन शिडाची नाव घेऊन आला. पूल वर गेला, नाव मधोमध आली आणि वारा पडला. डोलकाठीपाशी त्याची म्हातारी आई सफरचंदं सोलत बसलेली. चिपने विचारलं, कुणी आहे का? मी तोऱ्यात म्हणाले, रिकामं.

पूल उतरू लागला. चिप पुन्हा पुन्हा विचारत होती, मी पुन्हा पुन्हा सकाळचंच सांगत होते. वर डोलकाठी करकरली. पण आपली नक्कल शिळी झाली हे मला कळावं कसं? तेवढ्यात सीट्स्केबाईंनी लाल दांडा खाली ओढला. पूल थांबला, डोलकाठीच्या टोकाला टेकून, म्हातारीच्या टोपीच्या नेमका वर.

"बाई, डोळे घरी ठेवून आलात का?" हार्मेन म्हणाला.

"इथेच आहेत, म्हणून तर तुझी आई अजून साल काढतेय." पण दांडा बाईंनी अजून सोडला नव्हता.

वोबेने दोन दिवस शोधून मला पकडलं. बाई म्हणाल्या, "काढून टाक तिला."

मी गारठले.

"काढली तर पूल हिसके देत हलेल, बाई. फक्त डोळ्याचा प्रश्न तिला विचारायचा नाही. तो थेट डोळ्याकडे जाईल."

"आणि ती मध्येच बोलली तर?"

"वाटेत घेतलीच नाही, तर बोलेल कशी?"

तेव्हापासून तो एक प्रश्न माझ्या दारावरून न थांबता जातो. आधी राग यायचा. आता तो परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो.

मित्रांनो, पाढे, पत्ते, गाणी खुशाल माझ्यासारखीला विचारा. पण कुणाच्या डोक्यावर काही उतरवायचं असेल, तर आधी स्वतः वाकून बघा. उशीर होतो. होऊ द्या.