बर्फावर धाडलेला निरोप

विश्वजितनं, माझ्या पोटच्या पोरानं, मला न विचारता मला मरणाच्या दारात नेऊन बसवलं. आणि हे मला कळलं कुणाकडून, तर शेजारच्या धोंडुबाईकडून. मी सोप्यात जोंधळं पाखडत बसले होते, तर ही बया डोळ्याला पदर लावून आत आली.

"अगं रंगुबाई, तू तर बसलीयास!"

"मग काय नाचू?"

"विश्वजित गच्चीवर फोनात म्हनत हुता, माजी आई शिरीयस हाय, लगेच निघ. मी तव्यावरची भाकरी टाकून पळत आले."

"जा, करपली आसंल. आनि निघ म्हनला कुनाला?"

"राजनंदिनीला. दुसऱ्या कुनाला?"

माझ्या हातातलं सूप खाली आलं.

आमच्या विट्याची निम्मी पुरुषमाणसं परमुलखात सोनं गाळायच्या दुकानांत असतात. भट्टीवरच्या माणसाला गावाकडं आणायचं तर पूर्वीपासून एकच निरोप चालत आलाय, आई शिरीयस. मालक दुसऱ्या कशाला सुट्टीच देत नसे. पोरगं रडत स्टँडवर उतरायचं, आणि आई धुणं वाळत घालताना सापडायची. विट्यात वाढलेला कुणीही असा निरोप आला की आधी विचारतो, खरं का खोटं? पण विश्वजित आणि सून आता चार दिवस गावी आलेले असले, तरी त्याचं दुकान कोइमतूरला, त्याची लेक राजनंदिनी तिकडंच वाढली. तिला ही रीत ठाऊक असायचं कारण नाही. आणि ती काही भट्टीवर नव्हती. नॉर्वेच्याही वर, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांच्या जहाजावर होती.

काय अभ्यास, ते तिनं दिवाळीत मला चुलीपाशी बसून सांगितलं होतं. "आजी, तिकडचा समुद्र म्हणजे चुलीचा वैल. जाळ खाली, आपल्या बाजूला. वैलाखाली लाकूड नाही, तरी त्यावरचं कालवण गरम राहतं ना? तसं ऊन मुलखातलं पाणी वाहत वाहत वर जातं आणि ऊब पोचवतं. म्हणून तिथला काही समुद्र भर थंडीतही गोठत नाही. पुढं ते पाणी बर्फाखाली बुडी मारतं. वर गोड, गार पाण्याचं झाकण असतं, ते ऊब दाबून धरतं. आता ते झाकण विरळ व्हायला लागलंय."

"मग आपल्या पावसाचं काय व्हनार?"

"ते अजून कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. म्हणून तर मोजायचं."

मी सुनेला हाक मारली. अंजना भिंतीला टेकून रडतच होती.

"आत्याबाई, मी नगं म्हनलं हुतं. पर त्यांनी ऐकलं न्हाई. तिच्या कामातल्या जोडीदाराचा हात मोडलाय, मुकुलचा. त्याला न्यायला हेलिकॉप्टर येतंय. त्यात हिला बी बसवून द्या म्हनून ह्यांनी जहाजाच्या साहेबाला सांगितलं."

"आनि तिचं काम?"

"बर्फाला भोक पाडून खाली लांब दोरी सोडलीया. दोरीला उष्णता मोजायची यंत्रं हायत. ती आज वर वढायची. मुकुल आनि ती, दोघांनाच ते जमतं. आज न्हाई काढली तर बर्फ फुटून समदं तळाला जाईल."

गुडघ्यांनी शिव्या घातल्या तरी मी जिना चढले. विश्वजित फोन छातीशी धरून उभा होता. मला बघून त्यानं मान वळवली.

"मला मारलंस व्हय रं?"

"आये, तू न्हाई बघितलास पोरीनं धाडलेला व्हिडिओ. बर्फाला ही एवढी चीर! तुमी वैल वैल करता, त्याच वैलाची ऊब बर्फाला खालनं खाती. आनि माजी पोरगी त्याच बर्फावर चालती. काय करू? गप बसू?"

त्याचं हे म्हणणं खोटं नव्हतं. पण मी हात पुढं केला.

"फोन लाव."

लागेना. दोनदा वाजून तुटला. तिसऱ्यांदा वारा घोंगावल्यासारखा आवाज आला आणि त्यातून रडणं.

"आजी? आजी, मी निघतेय. बॅग भरलीय. हेलिकॉप्टर आलंय."

"बॅग खाली ठिव. मला काय बी झालेलं न्हाई."

"तू असंच म्हणणार." ती हुंदके देत होती. "खरंच आजारी असलीस तरी असंच म्हणशील. माझं काम बुडू नये म्हणून."

मरायला टेकले असते तरी मी हेच बोलले असते, हे पोरीनं बरोबर ओळखलं होतं. मी ठणठणीत आहे हे पटावं म्हणून मी तिला नेहमीसारखं म्हशीवरून, नाकावरून, तिच्या इंग्रजी शाळेवरून बोलून घेतलं. ती आणखीच रडली. पलीकडं कुणीतरी तिला हाक मारत होतं. हेलिकॉप्टरच्या पंख्याचा आवाज वाढत चालला.

मी फोन विश्वजितपुढं धरला. "तू सांग. तुझंच ती खरं मानंल."

त्यानं हात मागं घेतला. अंजना जिन्यात येऊन थांबली होती. फोनातून पुन्हा हाक ऐकू आली, आणि राजनंदिनी म्हणाली, "अप्पा, मी चढतेय."

"चढू नगंस." तो ओरडला. "आजी धडधाकट हाय. मी खोटं बोललो, बाळा."

पंख्याचा आवाज हळूहळू लांब गेला आणि वारा तेवढा राहिला. मुकुल गेला होता. ती राहिली होती.

"अप्पा, तुमच्याशी मी नंतर बोलेन," ती म्हणाली. मी फोन कानाला लावला.

"भ्या वाटतंय का?"

"वाटतंय, आजी."

"तरी बर्फावर जायचंय का?"

"जायचंय. कमरेला दोर बांधलाय. दुसरं टोक जहाजावरच्या लोकांकडं आहे."

"मग जा."

फोन बंद झाला. विश्वजित कठड्याला धरून खाली बसला.

"तिला काय झालं तर, आये?"

ते त्या बर्फालाच ठाऊक. मी त्याच्यासमोर बसले, त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि म्हणाले,

"झालं तर दोघं मिळून ऊर बडवू. पर ती भिऊन बी खरं बोलली, आनि तू भिऊन खोटं बोललास. आजपास्नं ह्या घरात पोरीचा बाप तू हायस, मालक न्हाईस. ऊठ, आनि ती दोरी वर काढून फोन करंस्तवर हितं माझ्याजवळ बस."