अर्थिंगची तार

पोट फुगलेला कंडेन्सर कृष्णरावांच्या तळहातावर होता, काळा पडलेला, अजून जळका वास मारणारा — आणि एवढ्याशा डबीपाशी आपलं सगळं म्हातारपण अडावं, ह्याचा त्यांना भयंकर संताप आला होता. काल दुपारी समोरच्या खांबावर वीज पडली आणि अंगणातल्या विहिरीतली मोटर बंद झाली. सकाळपासून त्यांनी फ्यूज बदलला, स्टार्टर उघडून पुसला, टेकडीखालच्या दुकानातून नवा कंडेन्सर आणून बसवला... ढिम्म! हूं नाही की चूं नाही.

मोटर चालायलाच हवी होती. दिवाळीत त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई गॅस उघडा ठेवून अंगणात जाऊन बसल्या, तेव्हाच मननने इंदूरहून धावत येऊन बजावलं होतं, "बाबा, आता घरात एक जरी गडबड झाली ना, तर दोघांनी माझ्याकडे यायचं. बस." त्याचं घर म्हणजे चौथा मजला. पोरगं वाईट नव्हतं हो, काळजीनेच बोललं — पण त्याला काय ठाऊक! तिच्या डोक्यातून माणसं, वार, औषधं, सारं गळत चाललं होतं. पायांना मात्र हे घर पाठ होतं. सकाळी नळाखाली तांब्याची कळशी, तिथून तुळस, तिथून देवघर... चौथ्या मजल्यावर ते पाय कुठे जाणार होते?

भूपेंद्र मेकॅनिक तारा जोडलेला बल्ब घेऊन आला. एक टोक बोर्डातल्या फेजला, दुसरं मोटरच्या सुट्या केलेल्या वायरला; आतलं वेटोळं जळून वीज विहिरीत उतरत असेल, तरच बल्ब लागणार. "काकासाब, बल्ब जला तो समझो मोटर गई।"

नको लागूस रे बाबा... जन्मभर तहसिलीत सगळ्यांचं ऐकलं, तू एवढं एकदा माझं ऐक...

बल्ब लख्ख लागला.

"भूपेंद्र भिया, एक बार और देख लो ना."

पुन्हा लागला. भूपेंद्र वायरी गुंडाळता गुंडाळता भिंतीशी थांबला. "ये अर्थिंग का तार किसने काटा? ये होता तो शायद बच जाती।"

शायद! जादा वीज जमिनीत मुरवायचा तो अर्थिंगचा खड्डा तुळशीला लागून होता, उन्हाळ्यात त्यात मिठाचं पाणी ओतावं लागे. आणि तुळस होती तिच्या माहेरची, धारहून आणलेल्या मंजिऱ्यांची. वैशाखात ती अगदी रडकुंडीला आली होती — अहो, मिठाने माझी तुळस जळते आहे, उपटा ते मेलं! — आणि त्यांनी, सगळं कळत असून, पक्कड घेऊन तार तोडली, मीठ-कोळसा खणून फेकून दिला. त्या संध्याकाळी किती खुशीत होती ती! आपणहून चहा करून आणला, साखर न विसरता...

"ह्यांनीच तोडली," मागून विनोदिनीबाई म्हणाल्या. हातात कळशी होती. "मी नको नको म्हणत होते. पण ऐकतील तर शपथ!" आणि हसल्या.

अगं, तूच तर — शब्द जिभेवर आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. लबाडी नव्हती, तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं.

"हो," ते भूपेंद्रला म्हणाले, "मैंने ही काटा."

तिच्यासाठी तोडली, हे ठाऊक असलेलं दुसरं माणूस आता उरलं नव्हतं. मोटर दुसरी मिळेल, निदान मिळू तरी शकेल. पण तो चहा आता त्यांना एकट्यालाच आठवायचा होता, आणि ह्याचं त्यांना रडूच आलं.

खिशात फोन वाजू लागला. मननच असणार. विनोदिनीबाईंनी नळाखाली कळशी ठेवली, तोटी सोडली आणि उभ्या राहिल्या. पाणी नाही म्हणून सकाळपासून चारदा सांगून झालं होतं. पाचव्यांदा त्यांच्याने सांगवेना. फोन वाजू देत ते तिच्या शेजारी जाऊन कोरड्या तोटीकडे बघत राहिले.

"येईल हो," ती म्हणाली.

आणि इतकं सगळं ठाऊक असून क्षणभर त्यांनाही वाटलं, येईल.