सगळे अधिकार

“ताई, छोटीलाही तुमच्यासारखेच सगळे अधिकार देऊन टाका,” मालक म्हणाले आणि चहाचा कप घेऊन छोटीच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

इतकी वर्षं तो कप ताईंच्या टेबलावर टेकायचा. कपाचा डागसुद्धा अजून तिथेच होता.

स्टुडिओतले सगळे फोटो इंटरनेटवर एका होस्टिंग कंपनीच्या भाड्याच्या जागेत असत. तिथे कोणी फक्त बघायचं, कोणी फोटो चढवायचे, हे ताई ठरवत. पुसायचा अधिकार मात्र, मालक सोडले तर, एकट्या ताईंचाच. या कामासाठी त्यांनी धडपडत शिकून एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो कंपनीच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामकडून हुकूम घेणाऱ्या तिच्या खिडकीला, कोणाला कोणता अधिकार याची यादी पाठवायचा आणि यादीत नव्याने आलेल्याला आपोआप निरोप धाडायचा. निरोपाचा मजकूरही ताईंचाच.

आणि ही छोटी परवा परवा आलेली. छोटी हे नावही मालकांनी लाडाने ठेवलेलं. ताईंना कधी कोणी लाडाचं नाव दिलं नाही. त्या आल्या दिवसापासून ताईच. नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून त्यांनी मनाला समजावलं होतं, पण ते नऊ दिवस काही संपेनात.

“घाई नाही हं ताई,” छोटी जवळ येऊन म्हणाली. “सवड झाली की करा.”

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गोड बोलणाऱ्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

“सवड कशाला? आत्ताच करते की.”

सगळे अधिकार म्हणे. आम्ही काय इथे झक मारत बसलो होतो? त्यांनी छोटीचं नाव लिहिलं, पुढे ‘फक्त बघणे’ असं लिहिलं आणि पाठवून दिलं. मालकांनी विचारलंच तर सांगू, आधी सवय होऊ दे.

त्या एपीआयची एक खोड होती. एक नाव वाढवायचं असलं तरी सगळी यादी पुन्हा पाठवावी लागे. ज्याचं नाव लिहायचं राहिलं, तो बाहेर. ही गोष्ट ताई झोपेतही विसरल्या नसत्या. रागात विसरल्या.

पहिला फोन बाहेर कामावर गेलेल्या फोटोग्राफरचा आला. “ताई, फोटो चढतच नाहीयेत. गिऱ्हाईक समोर बसलंय माझ्या.” मग आतल्या खोलीतून हाका सुरू झाल्या. ताईंनी घाईघाईने आठवतील तशी नावं लिहून यादी पुन्हा पाठवली. एपीआयने ती नाकारली. कारण त्यांचं स्वतःचं खातंही आता यादीत नव्हतं.

“काय झालं हो?” मालकांनी विचारलं.

ताईंनी तीच यादी पुन्हा पाठवून पाहिली. छोटी उठून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर, मंजूर झालेल्या यादीत, तिचं एकटीचं नाव होतं आणि पुढे दोन शब्द. तिने ते वाचले. मग ती मालकांकडे वळली.

“एपीआयने घोळ घातलाय, सर. तुमच्या मुख्य खात्याला यादी लागत नाही, त्याचा पासवर्ड द्या, लावते मी,” ती म्हणाली. मग खुर्ची ओढून शेजारी बसली. “ताई, कोणाला कोणता अधिकार होता, सांगता?”

ताई सांगत गेल्या, छोटी लिहीत गेली. सगळ्यात वर तिने ताईंचं नाव घातलं. शेवटी तिची बोटं थांबली.

“आणि मला?”

ताईंच्या पोटात अजूनही जळत होतं. उलट आता जास्तच.

“सगळे,” त्या म्हणाल्या.

हाका थांबल्या. मालक “शाब्बास छोटी” म्हणाले आणि दोघींकडे बघून हसले.

ताईंचा फोन थरथरला. त्यांच्याच प्रोग्रामचा निरोप. आजवर हा निरोप त्यांनी दुसऱ्यांनाच पाठवला होता, स्वतःला कधी आला नव्हता. मजकूर तर पाठच होता. तरी त्यांनी चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचला. ‘आपल्याला प्रवेश देण्यात आला आहे. काही अडल्यास ताईंना विचारा.’