दारात अडलेलं शहर

जेवणाच्या टेबलावर शहर वसल्यापासून घरात सगळे धाकट्याला महापौर म्हणायला लागले होते. आधी तो चिडायचा, मग हळूहळू तसा वागायलाही लागला. इंजिनीअरिंग कॉलेजांची स्पर्धा होती. टाकाऊ वस्तूंतून भविष्यातलं शहर उभं करायचं होतं. आईच्या बरण्यांची झाकणं कारखान्यांवर चढली, बाबांच्या दाढीच्या ब्रशाचं उद्यान झालं आणि घरच्यांनी ताट हातात घेऊन उभ्याने जेवायची सवय करून घेतली.

या सगळ्या खटाटोपाचं कारण कपाटावर होतं. याच स्पर्धेत ताईने मिळवलेला करंडक तिथे दिमाखात उभा असायचा आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे बघून विचारायचा, "आणि तुझं काय रे?" त्याच्या शेजारी आपलंही काहीतरी ठेवायचं, एवढीच महापौरांची इच्छा होती. पण शहराला पाण्याची टाकी हवी होती आणि तशा घाटाची वस्तू घरात एकच होती. महापौरांनी करंडक उलटा केला, निळा रंगवला आणि आईला सांगितलं, पॉलिशला दिलाय. तो चिकटवायचं काम जिवलग मित्राचं. त्याचं नाव डिंक, आणि ते उगाच पडलेलं नव्हतं.

स्पर्धेच्या सकाळी टेम्पो खाली येऊन उभा राहिला. दोघांनी शहर उचललं, दाराशी आणलं आणि ते अडलं.

"तिरकं कर," डिंक म्हणाला.

तिरकं केल्यावर मेट्रो तलावात पडली. खालची प्लायवूडची फळी घरात आणताना उभी धरून आणली होती. आता ती उभी धरली असती तर सगळी लोकवस्ती फरशीवर आली असती. भूकंप, महापूर, चक्रीवादळ, सगळ्याचा विचार दोघांनी डोकं फुटेस्तोवर केला होता. दाराचं माप मात्र कोणी घेतलंच नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावरून ताई आली. स्पर्धा बघायला ती मुद्दाम रजा काढून आली होती. तिने एकदा शहराकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि पोट धरधरून हसली.

"मधोमध काप. तिथे जाऊन जोडा."

"मधोमध नको! तिथे टाकी आहे."

"मग टाकी काढून ठेव."

"निघत नाही," डिंक अभिमानाने म्हणाला. "प्रलय आला तरी निघणार नाही."

खालून टेम्पोवाला हॉर्न वाजवत सुटला. महापौर एकदा टाकीकडे, एकदा ताईकडे बघू लागले. ताईला सांगावं तर मेलो, न सांगावं तर स्पर्धा गेली. त्यांनी तोंड उघडेपर्यंत बाबांची करवत ताईच्या हातात आली होती. करवत टाकीपर्यंत पोचली आणि धातूवर अशी किंचाळली की शेजारच्या काकू बाहेर आल्या. टाकीला फट पडली, निळा रंग खरवडला गेला आणि खालून 'प्रथम क्रमांक' चमकायला लागलं.

"पॉलिश छान झालंय," आई म्हणाली.

"ताई, मी नवीन आणून देतो," महापौर रडवेल्या आवाजात म्हणाले. "मला फक्त त्याच्या शेजारी..."

ताईने फळीच्या तुकड्यासकट करंडक कापून वेगळा काढला, शहराचे दोन भाग केले आणि टाकीच्या जागी ठेवायला आईचा दुधाचा डबा दिला. "उचला आता! उशीर होतोय."

नंबर आला नाही. परीक्षकांनी दुधाच्या डब्यावर बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी उत्तेजनार्थ म्हणून एक जाड कागदाचं प्रमाणपत्र दिलं. रात्री सगळे कितीतरी दिवसांनी टेबलाशी बसून जेवले.

जेवण झाल्यावर ताईने अर्धा निळा करंडक कपाटावर नेऊन ठेवला, तसाच उलटा. करवतीने पडलेल्या फटीत तिने ते प्रमाणपत्र खोचलं. ते ताठ उभं राहिलं, जरासुद्धा हललं नाही.

"बघ," ताई म्हणाली, "हे एवढं माप तरी बरोबर आलं."