मूळ जागी

‘एक दिवससुद्धा चुकवायचा नाही, सविताताई. ताप आला तरी जायचं. ते कारणच शोधतायत.’

वकील राजेश्वरीबाईंचं हे सांगणं मनात घोळवतच सविताने गुलाबाच्या शेडबाहेर चप्पल काढली आणि आत स्टुलावर जाऊन बसली.

स्टूल वाटेच्या मधोमध होतं. सहा वर्षांपूर्वी तिचं फुलं निवडायचं टेबल इथेच असे. फवारणीचं औषध खाली बसायच्या आत पॉलीहाऊसमध्ये शिरायला तिने नकार दिला आणि तिला काढलं. आता इथून ट्रॉल्या जात. तिला ‘मूळ जागी’ कामावर घ्या, असा कोर्टाचा हुकूम झाला तेव्हा मॅनेजरने टेप लावून जागा मोजली आणि बरोबर तिथे स्टूल ठेवलं. काम मात्र दिलं नाही. तिच्याशी बोलायचीही मनाई. जी बोलेल तिच्यासाठी शेजारी दुसरं स्टूल.

चार महिने असेच गेले. बाकीच्या बाया ट्रॉली वळवून नेत. सारिका वळवत नसे. चाक सविताच्या घोट्याला घासून जाई. ती सविताशी बोलायची नाही, हवेशी बोलायची.

‘वाटंत देवी बसलीया गं. निवद आणा कुणीतरी.’

बाया हसत. याच सारिकाने कोर्टात शपथेवर सांगितलं होतं, की सविता आपल्या पायाने निघून गेली. फवारणीच्या दिवशी ती सविताला खेटून उभी होती, तोंडाला पदर लावून.

माघात सारिकालाच काढलं. पत्रात लिहिलं होतं, सविता परत आल्यामुळे जागा उरली नाही. ट्रॉली दुसरीच्या हातात गेली. चाक घोट्यालाच लागत राहिलं.

संकष्टीच्या संध्याकाळी सारिका वडिवळ्याला सविताच्या घरी आली. पाट दिला तरी बसली नाही. तिनेही कोर्टात दावा लावला होता. कंपनीचं म्हणणं, तिला सविताच्या बदली म्हणून तात्पुरतं घेतलं होतं. खरं तर सविताला काढायच्या आधी तीन वर्षं दोघींची टेबलं शेजारी होती. पण त्या तीन वर्षांचा कागद नव्हता, आणि एकही बाई साक्षीला तयार नव्हती.

‘तुज्याबिगर कुणी न्हाई. मंगळवारी तारीक हाय पुण्याला.’

‘माज्या टायमाला तू काय बोललीस?’

‘खोटं बोलले. पोरं हुती पदरात.’ सारिकाने नजर खाली केली नाही. ‘आताबी हायती.’

सविताने निरांजनात तूप घातलं. वात नीट पेटेपर्यंत ती वाकूनच राहिली.

‘यीन,’ म्हणाली.

सोमवारी शेडमध्ये स्टूल नव्हतं. खिडकीशी नवं टेबल होतं, वर कात्री आणि गुलाबांचा भारा. मॅनेजर स्वतः उभा होता. तो कधी आवाज चढवत नसे. उद्या परदेशातली खरेदीची माणसं पाहणीला येणार, त्यांना कामावर परत घेतलेली बाई दाखवायची आहे, असं त्याने सांगितलं. उद्या आलात की टेबल कायमचं तुमचं.

‘आणि नाही आलात,’ तो कात्री तिच्याकडे सरकवत म्हणाला, ‘तर आपण होऊन सोडलं असं लिहू. या वेळी साक्षीदार पुष्कळ मिळतील.’

तिने कात्री घेतली. पहिला दांडा कापला, मग दुसरा. पट्टी न लावता नुसत्या नजरेने ती लांबी ओळखत गेली. लांब दांडे इकडे, आखूड तिकडे. जेवणाची सुट्टी झालेली तिला कळली नाही. संध्याकाळी नळाखाली हात धरले, तर बोटांवरचा हिरवा रंग जाईना. तिने तो फार घासलाही नाही.

मंगळवारी सकाळी कामशेतच्या चौकात कंपनीची जीप थांबली. ड्रायव्हर हौशीरामने हॉर्न दिला. आतल्या बाया सरकल्या आणि बाकावर एका माणसापुरती जागा झाली. शकुबाईने तिथे हात थोपटला.

‘ये गं सविता. बस हितं.’

इतक्या महिन्यांत कामावरच्या कुणी तिला नावाने हाक मारली नव्हती. जीपच्या दांडीवर तिचा हात गेला. क्षणभर तसाच राहिला.

‘तुमी व्हा म्होरं,’ ती म्हणाली.

जीप लोणावळ्याच्या अंगाने गेली. सविताने पदर खोचला, रस्ता ओलांडला आणि पुण्याच्या एसटीला हात केला.