बुडाला भोक असलेला पेला

आमच्या काकांकडे घराण्याच्या पराक्रमाचे दोन पुरावे होते. एक चांदीचा पेला, आणि दुसरं म्हणजे मखमलीच्या डबीत जपलेलं भाल्याचं मोडकं टोक. काकांच्या पणजोबांनी म्हणे शत्रूला असं भोसकलं की टोक चिलखतातच तुटलं, आणि राजाने खूश होऊन स्वतःच्या हाताने हा पेला दिला. कुठली लढाई, कुठला राजा, असं कोणी विचारलं की काका मिशीला पीळ देत आणि विचारणाऱ्यालाच अडाणी ठरवत.

मी संग्रहालयात धातूच्या वस्तू तपासते. वस्तू कोणी घडवली आणि कशासाठी, हे मी सांगितल्याशिवाय तिच्यासमोर पाटी लागत नाही. काकांनी पेला संग्रहालयाला द्यायचं ठरवलं आणि येतानाच पाटी रंगवून आणली. वर ठसठशीत अक्षरांत ‘वीरपात्र’.

“तपासायचं काय त्यात? घरचंच तर आहे,” काका म्हणाले.

“घरचं आहे म्हणूनच जरा जास्त तपासते.”

या सगळ्या उठाठेवीचं मूळ होते काकांचे व्याही. त्यांच्या घराण्यात खरोखरीचा एक सेनापती होऊन गेला होता, आणि प्रत्येक पंगतीत ते तो सगळ्यांना वाढत असत. मुलीच्या लग्नाच्या बैठकीतच त्यांनी गोड हसून विचारलं होतं, “तुमच्याकडे कोणी काही केलं होतं का हो?” तो प्रश्न काकांच्या जिव्हारी लागला होता. पेला देण्याच्या समारंभाला व्याह्यांना पहिल्या रांगेत बसवायचं, एवढ्यासाठीच हा घाट होता.

पेला मी भिंगाखाली धरला. आमच्या घरातल्या पिढ्यांनी तो इतका घासला होता की नक्षी पुसून गेली होती. मधोमध अंगठ्याएवढा पोकळ खांब. त्यात राजा फूल खोचायचा, असं काका सांगत. खांबाच्या तळाशी मात्र एक बारीक फट होती. फुलाला फट कशाला हवी? पेला उलटा केला, तर बुडाखाली शिशाचा ओबडधोबड गोळा.

“ते माझ्या वडिलांनी लावलंय. पेला गळत होता,” काका म्हणाले.

मी गोळा हलक्या हाताने काढला. खाली भोक होतं, गोल आणि नीटस. झिजून पडलेलं भोक असं नसतं, ते कोणीतरी मुद्दाम पाडलं होतं. त्याच्या शेजारी एक चिमुकली मासोळी ठोकलेली. शिशाखाली झाकली गेली म्हणून आमच्या घासण्यातून ती बिचारी वाचली होती.

“काका, ते भाल्याचं टोक द्या बघू.”

एवढ्या वर्षांत ते कोणी नीट पाहिलंच नव्हतं. एका बाजूने त्याचं डोकं हातोडीचे घाव खाऊन चेपलेलं. भाल्याच्या टोकावर हातोडी कोण मारतं? दुसरी बाजू मी पुसली आणि मेणावर दाबली. मासोळी उमटली, तीच, वाकड्या शेपटीची.

“हा खूण ठोकायचा ठसा आहे, काका. मालक आपली खूण लोकांना दिसेल अशी मिरवतो. बुडाखाली खूण ठोकतो तो कारागीर. तुमच्या पणजोबांना हा पेला कोणी दिला नाही. ठसा आपल्याच घरात आहे, म्हणजे त्यांनीच तो घडवला.”

काका खुर्चीत बसले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. “लढाई नव्हतीच?” त्यांनी हळूच विचारलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विषय बदलायला मी पेला भांड्यावर धरून त्यात पाणी ओतलं. अर्ध्याच्या थोडं वरपर्यंत एक थेंब गळला नाही. आणखी ओतलं. पाणी खांबाच्या माथ्यावर गेलं, आतल्या वाकड्या नळीतून उलटलं आणि बुडातून सगळंच्या सगळं खाली.

“बेताने घेणाऱ्याला प्यायला मिळतं. हावरटाची फजिती होते. त्यासाठीच केलाय,” मी म्हटलं.

“गंमत म्हणून?”

“निव्वळ वात्रटपणा.”

काका पेला पिशवीत घालून निघून गेले. ते पुन्हा शिसं लावून आणणार, याची मला खात्री होती. मग मला सगळ्यांसमोर त्या पाटीला नाही म्हणावं लागलं असतं, आणि त्या विचाराने मला घास गोड लागेना.

समारंभाला व्याही पांढऱ्याशुभ्र सुटात आले. “काय हो, त्या लढाईचं नाव काय म्हणालात?” त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. दालन हसलं. काकांचे कान लाल झाले. पण ते उठले, पेल्यात बेताचं लाल सरबत ओतलं आणि अदबीने पुढे केलं. कागदावर सह्या व्हायच्या होत्या, त्यामुळे पेला अजून काकांचाच होता आणि मला अडवता येईना. अडवायचं होतं असंही नाही.

“पहिला मान तुमचा, व्याहीबुवा.”

“एवढंसंच? आमच्या सेनापतींचे ओठसुद्धा ओले झाले नसते.”

“मग घ्या की तुमच्या घराण्याला शोभेल एवढं,” म्हणत काकांनी सुरईच त्यांच्या हाती दिली.

व्याह्यांनी काठोकाठ भरला, पेला छातीशी धरला आणि सेनापतींवर बोलायला सुरुवात केली. ते लढाईच्या ऐन रंगात होते आणि सरबत त्यांच्या पांढऱ्या विजारीवरून बुटात उतरत होतं. समोरचे लोक रुमाल तोंडात कोंबायला लागले तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं. मग पेल्यात पाहिलं.

“मुद्दाम केलंत हे!” ते किंचाळले.

काका हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तशाच कापऱ्या, अभिमानाने फुगलेल्या आवाजात ते म्हणाले, “मी कुठे हो? माझ्या पणजोबांनी केलं!”